तीस इंचांची खात्री

मी एक जुनी टेप आहे. गाण्यांची नव्हे, मापाची. शिवणकाम करणाऱ्यांच्या गळ्यात लोंबत असते, ती. लांबी साठ इंच, एका अंगावर इंच, दुसऱ्या अंगावर सेंटीमीटर आणि टोकाला पितळेच्या पत्र्याची टोपी. पिवळा रंग आता उडाला आहे, सात आणि आठ हे आकडे बोटांनी घासून पुसट झाले आहेत. पण माप अजून चोख आहे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. या चोखपणाचा मला फार ताठा होता, आणि तो कसा उतरला तेच सांगायला बसले आहे.

मित्रांनो, आधीच कबूल करते, माझा स्वभाव संशयी आहे. जन्मभर माणसांच्या कमरेला वेढे घालून काढले की कुणाचाही होईल. टेप जवळ आली की भलाभला माणूस श्वास रोखतो, पोट आत ओढतो, छाती काढतो आणि वर साळसूदपणे म्हणतो, "मागच्या वेळचंच माप असेल बघा." माप देताना खरं बोलणारं माणूस मला क्वचितच भेटलं. त्यामुळे कुणी काही म्हणालं की मी मनात म्हणते, बघू, वेढा घालू आणि बघू.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब पट्टीवर रोलर फिरला, आकडे उमटले, सुरीने तुकडे पडले आणि डझनाच्या पुडक्यात बांधून मला एका दुकानात पाठवलं. तिथे पन्नाशी ओलांडलेल्या एका बाई आल्या. त्यांनी मला उलगडलं आणि काउंटरसमोर उभ्या उभ्याच स्वतःच्या कमरेला गुंडाळलं.

"चौतीस," त्या म्हणाल्या. "हं. ही खरी दिसते."

दुकानदार बघतच राहिला. बाईंनी त्याला फैलावर घेतलं. "आधीच्या तीन टेपा तुम्हीच दिल्या होत्यात ना? एक म्हणे पस्तीस, दुसरी छत्तीस, तिसरी सदतीस. थापाड्या एकजात!"

त्या शिवणकाम करत होत्या आणि टेप तपासायची त्यांची पद्धत हीच होती. नवी टेप आली की आधी आपल्या कमरेला लावायची. लाकडी पट्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. त्या म्हणायच्या, "लाकूड उन्हापाण्याने वाकतं. माझी कंबर मला ठाऊक आहे." पुढे दोन वर्षांत त्यांचं माप माझ्यावर तेहतीस भरलं, मग बत्तीस. बत्तीस भरल्यावर त्या खूश झाल्या. "टेपसुद्धा मुरावी लागते. मुरली की खरं बोलायला लागते," असं त्या सगळ्यांना सांगत. मला कोण अभिमान वाटला! तीन खोटारड्यांनंतर आलेली मी खरी टेप. हे कौतुक ऐकत मी त्यांच्या गळ्यात पुष्कळ वर्षं काढली. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या लेकीने त्यांच्या सामानातून दोनच वस्तू घेतल्या: मी आणि कागदी नमुन्यांची पेटी.

लेकही शिवणकामच करायची. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते. नवऱ्याच्या घरात तळमजल्यावर तिची खोली होती. खिडकी रस्त्याकडे. मध्ये कापायचं मोठं टेबल आणि त्याच्या कडेला स्क्रूने पक्की बसवलेली लाकडी पट्टी. भिंतीपाशी दोन मशीन, एक पायाचं, एक मोटारीचं. दोरीवर शाळेचे गणवेश हारीने लटकत असत. नवरा मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होता, एकदा गेला की वर्षभराने यायचा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरात तिसरं माणूस म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. ताई त्यांना वन्सं म्हणायची. वन्सं त्याच खोलीत बसून काजं करत आणि बटणं लावत. त्यांची नजर सुईच्या नेढ्यातून दोरा ओवणारी होती. तिच्यातून काही सुटत नसे.

ताईने आईची पद्धत जशीच्या तशी उचलली होती. तिची कंबर तीस. लग्नाआधी तीस, नंतरही तीस. "माझी कंबर हीच माझी पट्टी," असं ती हसत म्हणायची आणि महिन्याच्या एक तारखेला मला स्वतःला लावून बघायची. तीस भरले की माझी पाठ थोपटायची.

मग एका एक तारखेला मी एकतीस दाखवले.

ताईने मला सोडलं, झटकलं, पुन्हा लावलं. एकतीस आणि वर दोन रेघा. "ही आटली की काय?" ती पुटपुटली. मित्रांनो, जुनी टेप ताणली जाते, आटत नाही, आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते, जास्त नाही. हे ताईला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. टेबलाच्या कडेला पट्टी होती. तिच्यावर मला आडवं ठेवलं असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. पण ती पट्टीकडे वळलीच नाही. तिला तो निकाल नको होता, असं मला आज वाटतं.

पुढच्या महिन्यात बत्तीस. त्याच्या पुढे तेहतीस. ताईने मला खणात टाकलं आणि नवीकोरी टेप आणली. ती लावली, तिनेही तेहतीसच सांगितले. "हल्ली मालच तसला येतो," असं म्हणून ताईने तिला परत गुंडाळून ठेवलं आणि मला बाहेर काढलं. "तू निदान आईची तरी आहेस," ती म्हणाली. मी गळ्यात परत गेले खरी, पण मन दुखावलं ते दुखावलंच. मी थापाडी? मी, जिचा खरेपणा मुरलेला, ती?

गळ्यात असल्यामुळे मला तिच्या मानेची शीर लागते. ती हल्ली जोरात धडधडायची. वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायला गेली की ताई मध्येच पायरीवर बसून दम खायची. ओठ पांढरे दिसायचे. सैल, गडद रंगाचे कपडे घालायची, दर दहा मिनिटांनी उठून आत जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो, जरा ॲसिडिटी." मला वाटलं, ही काहीतरी लपवते आहे.

आणि मला एकटीलाच वाटत नव्हतं. वन्संची सुई हल्ली मध्येच थांबायची. दर गुरुवारी बटणांचा पेटारा घेऊन एक बटणवाला यायचा. बोलघेवडा माणूस, पाव तासाच्या कामाला तासभर बसायचा. वन्संनी त्याला चहा देणं बंद केलं. पुढच्या गुरुवारी तो बसायचा ती खुर्चीच आत नेऊन ठेवली. बिचारा उभ्या उभ्या बटणं दाखवून गेला. मी दोघांकडे आळीपाळीने बघत होते. ताई त्याच्याशी हसून बोलली की माझ्या मनात पाल चुकचुकायची. दादल्याला बोटीवर जाऊन अकरा महिने झाले होते. त्याचा दर रविवारी फोन यायचा. त्या रविवारी वन्सं त्याला एवढंच म्हणाल्या, "तू परत आलास की तुला एक गोष्ट सांगायची आहे. फोनवर नाही सांगत." ताई त्या वेळी शेजारी बसून कॉलर उलटवत होती. तिला काहीच कळलं नाही.

एका दुपारी ताई आत गेलेली असताना वन्सं उठल्या. त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि टेबलाच्या कडेच्या पट्टीवर नीट ताणून धरलं. इंचाला इंच, रेघेला रेघ जुळली. वन्संनी दोनदा पाहिलं. मग मापांची वही काढून त्यात 'स्वतः' असं लिहिलेलं पान उघडलं. तीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस. माझा जीव भांड्यात पडला. माझी अब्रू वाचली, वन्संदेखत मी खरी ठरले! आपण खऱ्या ठरलो म्हणजे कुणाची तरी अब्रू जाणार आहे, हे त्या आनंदात माझ्या ध्यानातही आलं नाही.

ताई बाहेर आली. वन्सं दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"किती महिने झाले?"

"कशाला?"

"मलाच विचारतेस, कशाला? टेप बरोबर आहे. पट्टीवर लावून बघितली मी. आणि भाऊ जाऊन अकरा महिने झालेत. बोटं मलाही आहेत मोजायला."

ताईला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ती आधी हसली, आणि मग हसता हसता तिचा आवाज फुटला.

"वन्सं, महिन्यातले बारा-बारा दिवस माझ्या अंगावरून जातंय. गेल्या महिन्यात सोळा. हे गडद कपडे काय हौस म्हणून घालते मी? तुम्हाला वाटतंय तसं काही असतं, तर एवढं रक्त गेलं असतं का?"

वन्संचा हात दारावरून खाली आला. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही मोजत होतात."

एवढं बोलून ती वळली, आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने टेबलाची कड धरली. वन्संनी तिला दोन्ही हातांनी सावरून खाली बसवलं. पंधरा मिनिटांत दोघी रिक्षात होत्या, आणि वन्संनी पट्टीवरून उचलून घाईघाईत गळ्यात अडकवलेली मीही तशीच सोबत होते.

डॉक्टरीणबाई जाडजूड, चष्मा कपाळावर ठेवलेल्या आणि बोलायला रोखठोक. त्यांनी ताईला झोपवलं, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "वा, टेपही सोबत घेऊन आलात. द्या इकडे." त्यांनी मला उलटं केलं. इतक्या वर्षांत माझी सेंटीमीटरची बाजू कुणी वापरली नव्हती. ओटीपोटाच्या हाडापासून बेंबीपर्यंत त्यांनी मला लावलं. "वीस. पिशवी पाच महिन्यांच्या गरोदर बाईएवढी झाली आहे. पण हे गरोदरपण वाटत नाही, सोनोग्राफीत कळेलच." मग सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. गर्भाशयाच्या भिंतीत एक मोठी गाठ आणि दोन लहान होत्या. रक्त इतकं कमी झालं होतं की डॉक्टरीणबाईंनी तो कागद दोनदा वाचला.

"याला फायब्रॉइड म्हणतात," त्या म्हणाल्या. "कॅन्सर नव्हे. अशा गाठींत तो फार म्हणजे फारच क्वचित निघतो, तरी आपण तपासून घेऊ. धोका आहे तो या रक्त जाण्याचा. आणखी दोन महिने हे असंच अंगावर काढलं असतंत तर उभं राहणं कठीण झालं असतं."

वन्संचा चेहरा पांढरा पडला. पण संशयी माणूस गप्प बसत नाही. त्यांना गुन्हेगार हवाच होता. "कशाने झालं हे? पायाच्या मशीनने?"

"नाही."

"चहा फार पिते ही."

"चहाने नाही."

"मग भावाने तिकडून पाठवलेल्या त्या क्रीमने?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बसा. सांगते. गर्भाशय म्हणजे जाड स्नायूची पिशवी. त्या स्नायूतल्या एका पेशीच्या जनुकात कधीतरी एक चूक झाली. ती पेशी दुप्पट झाली, चौपट झाली, वाढतच गेली. यांच्या मोठ्या गाठीतल्या लाखो पेशी त्या एकीचीच पिलावळ आहे. लहान गाठी बहुधा वेगळ्या पेशींपासून निघालेल्या. दहा गाठी तपासल्या तर साधारण सातांत एकाच ठरावीक जनुकात बिघाड सापडतो."

"आणि ती वाढते कशावर?"

"अंडाशयातून येणाऱ्या हार्मोन्सवर. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. इस्ट्रोजेनमुळे त्या पेशींना प्रोजेस्टेरॉनची हाक ऐकू यायला लागते, आणि ती हाक ऐकून त्या वाढतात. शिवाय त्या स्वतःभोवती चिवट तंतू विणत जातात, म्हणून गाठ हाताला टणक लागते."

"पण ती पहिली चूक का झाली?"

"ते अजून कुणालाच नीट माहीत नाही."

वन्संनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू माहीत नाही म्हणणारा डॉक्टर म्हणजे भोंदूच. डॉक्टरीणबाई हसल्या. "पाळी लहान वयात सुरू झाली असेल, मूल झालेलं नसेल, वजन जास्त असेल, ड जीवनसत्त्व कमी असेल, तर शक्यता वाढते. शक्यता म्हणते आहे मी, दोष नाही. आणि रक्ताच्या नात्यात कुणाला असेल तरी वाढते. आईला होता असा त्रास?"

"नाही हो," ताई म्हणाली. "आईचं नुसतं पोट सुटलं होतं मधली काही वर्षं."

मित्रांनो, त्या क्षणी मी थंड पडले. चौतीस, तेहतीस, बत्तीस. माझ्या अंगावरचे ते आकडे माझे मलाच आठवले. पण टेपला तोंड नसतं, आणि तेव्हा मलाही पुरतं काही कळलेलं नव्हतं.

घरी आल्यावर वन्संनी ताईला पलंगावर बसवलं, लोहाच्या गोळ्या हातात दिल्या आणि स्वतः शोधाला लागल्या. स्वभाव कुठे जातो? फक्त आता त्यांचा संशय ताईवर नव्हता. "तुझ्या आईची काही वही-बिही आहे का?" त्यांनी विचारलं. कागदी नमुन्यांच्या पेटीच्या तळाशी ती सापडली. गिऱ्हाइकांच्या मापांची जाडजूड वही, आणि मागच्या पानावर 'स्वतः'.

वन्सं मोठ्याने वाचू लागल्या. "बत्तीस. बत्तीस. साडेतेहतीस. पस्तीस: टेप बिघडली, नवी आणली. छत्तीस: हीसुद्धा बिघडली, नवी आणली. फार थकवा. सदतीस: हीही बिघडली. या महिन्यात पंधरा दिवस. मग इथे बराच काळ काही नाही. मग लिहिलंय, पाळी थांबली, सुटले एकदाची. आणि त्याच्याखाली, चौतीस: नवी टेप, ही खरी दिसते. तेहतीस. बत्तीस: टेप मुरली."

दुसऱ्या दिवशी वन्संनी वही डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन आदळली, चोर पकडून आणल्यासारखी. त्यांनी ते पान सावकाश वाचलं. "पाळी थांबली की हार्मोन्स कमी होतात," त्या म्हणाल्या. "खुराक तुटला की बहुतेक गाठी आक्रसतात. आईंना कुणी तपासलं नव्हतं, त्यामुळे खात्रीने नाही सांगता येणार. पण माझाही संशय तुमच्यासारखाच आहे."

मला काय वाटलं म्हणून सांगू! ज्या खरेपणावर मी उभं आयुष्य मिरवले, तो माझा नव्हताच. मी खरी टेप म्हणून निवडली गेले नव्हते. ती बिचारी गाठ उतरणीला लागली आणि नेमकी तेव्हा मी दुकानात होते. माझ्याआधीच्या तिघीही खऱ्याच होत्या. त्या कचऱ्यात गेल्या, कारण त्या जे सांगत होत्या ते ऐकायची कुणाची तयारी नव्हती.

त्या रविवारी फोन आला तेव्हा वन्संनी तो ताईच्या हातून घेतला. "ऐक," त्या भावाला म्हणाल्या. "तुझी बायको आजारी आहे, आणि तुझी बहीण मूर्ख आहे. पहिलं बरं होईल असं डॉक्टर म्हणतात. दुसऱ्याचं बघू. तू लवकर ये." मग त्या बटणवाल्याची खुर्ची बाहेर घेऊन आल्या. गुरुवारी त्याला दोन कप चहा मिळाला. का, ते त्याला कधीच समजलं नाही.

आधी ताईचं रक्त वाढवलं, मग ऑपरेशन झालं. गाठी काढल्या, पिशवी राखली. पुन्हा गाठ होऊ शकते, म्हणून दर वर्षी तपासणी करायची, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. नवरा आला तो महिनाभर तिच्या उशापायथ्याशी होता. नीट काजही करता येत नव्हतं त्याला, तरी वन्संच्या हाताखाली बसून शिकला.

अलीकडच्या एक तारखेला ताईने मला पुन्हा हातात घेतलं. कमरेला लावायच्या आधी ती टेबलाकडे गेली आणि तिने मला लाकडी पट्टीवर ताणलं. इंचाला इंच, रेघेला रेघ. मग तिने मला कमरेभोवती घेतलं. एकतीस. "एक इंच चहाचा असेल," वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. मग जरा घुटमळून, दुसरीकडे बघत म्हणाल्या, "माझंही घे गं माप. बरेच दिवस विचारीन म्हणते, मलाही जरा दम लागतो." ताईने लगेच मला त्यांच्याभोवती घेतलं. श्वास रोखला नाही, पोट आत ओढलं नाही, असं मला भेटलेलं ते पहिलं माणूस. ताईने माप लिहिलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे, लवकरच खणात जाईन. मला नीट गुंडाळून ठेवा, घडी घालू नका, एवढं तर मी सांगेनच. पण दुसरंही ऐका. मी किती ते सांगते, का ते मला कळत नाही. मी ताईवर संशय घेतला, आणि आकडा माझ्या अंगावर असून मी चुकले. आपल्या आईचं, बहिणीचं, मावशीचं काही बदललेलं दिसलं, तर मोजत बसू नका. जवळ जाऊन विचारा.

परवा ताईने आईची ती वही काढली. मागचं पान उघडलं, आणि 'टेप बिघडली' असं तीनदा लिहिलं होतं, त्याच्याखाली आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली. मी तिच्या गळ्यातून वाकून वाचली.

आई, टेप बरोबर होती गं.